पांढरं कार्ड अक्काकडे

चँडलर, ॲरिझोना
१८ जानेवारी २००४

ती. कांचनअक्कास,
मोरेश्वरचा साष्टांग नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितोय याचं तुला नवल वाटेल. इथला फोन हॉलमध्ये आहे, आणि दुसरा राजेशच्या खोलीत. एकावर बोललेलं दुसऱ्यावर ऐकू जातं. कोणी ऐकतं असं मी म्हणत नाही, पण ऐकू जातं. पत्राचं तसं नाही. सूनबाईंना मराठी वाचता येतं, माझं अक्षर मात्र येत नाही. ते फक्त तुला लागतं.

माझी तब्येत ठीक आहे. घरात मात्र काहीतरी शिजतंय. गेल्या रविवारी राजेश म्हणाला, "बाबा, चला, तुमचे दोन फोटो काढून येऊ." मी विचारलं, कशाला? तर म्हणाला, "असू देत, लागतात." अक्का, मी एकतीस वर्षं सांगलीच्या जकात नाक्यावर बांबू वरखाली केला. शिक्षण सातवीचं, पण माणूस ओळखायला सातवी पुरते. "असू देत" म्हणणाऱ्या ड्रायव्हरच्या ट्रकमध्ये पोत्यांखाली नेहमी दुसराच माल निघायचा. फोटो काढले. अजून कुठे चिकटवलेले दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट. विहीणबाई, म्हणजे शिवांगीची आई, मार्चच्या शेवटी येणार असं कानावर आलंय. घरात जास्तीची खोली एकच आहे आणि त्या खोलीत सध्या मी आहे. माझं परतीचं तिकीट २६ मार्चचं. त्याच्या आत मला हलवायचा विचार असेल तर मला सांगावं, एवढंच म्हणणं आहे.

तिसरी गोष्ट कोणालाही सांगू नकोस. उजवीकडची खालची दाढ दिवाळीपासून दुखते. याच विहीणबाईंनी पुण्याहून कडबोळी पाठवली होती, त्या कडबोळीवर कट्ट झालं. तेव्हापासून डावीकडून जेवतो. पोळी दुधात कुस्करून खातो आणि लहानपणची सवय आहे असं सांगतो. इथे दाताला हात लावला की नोकरदाराचा पगार जातो म्हणतात. आलेला म्हातारा खर्चाला बसला की दुसऱ्या दिवशी तिकीट बघायला लागतात. म्हणून गप्प आहे.

वीणाला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा
मोरेश्वर


फ्रिस्को, टेक्सास
२५ जानेवारी २००४

चि. मोरेश्वर यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर लावायला दोन दिवस लागले, तेव्हा तुझी गुपितं अगदी सुखरूप आहेत.

फोटो म्हणजे फोटो. या देशात भाजी आणायला गेलं तरी कार्ड मागतात आणि कार्डावर फोटो असतो. माझेही वीणाने चार काढलेत. चारही फोटोंत मी चोरासारखी दिसते, पण मला अजून कोणी पकडलेलं नाही. तू लहानपणापासूनच असा. आईने लाडू मोजून डब्यात ठेवले की तू परत मोजायचास आणि तिलाच विचारायचास, एक कुठे गेला. तो तूच खाल्लेला असायचा.

विहीणबाई आल्या तर येऊ देत. तू गेल्यावर येणाऱ्या बाईने तुला हलवलं असं कसं म्हणतोस?

दाढेचं मात्र मला पटलं नाही. तीन महिने दुखतेय आणि तू दुधात पोळी कुस्करतोस? अरे, पू झाला तर जबडा सुजेल, मग गुपित चेहऱ्यावरच दिसेल. राजेशला सांग. सांगणार नाहीस हे मला ठाऊक आहे. लवंग तरी धर.

तुझी
अक्का


चँडलर
३ फेब्रुवारी २००४

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

मी म्हणत होतो तेच झालं. मला देशाबाहेर काढतायत.

परवा जेवताना राजेश म्हणाला, "बाबा, फेब्रुवारीत लाँग वीकेंड आहे, सोमवारी सुट्टी. मेक्सिकोला जाऊया का? ड्राइव्ह करून चार-पाच तास. पुएर्तो पेन्यास्को म्हणून गाव आहे, समुद्रावर." सूनबाई लगेच, "खूप स्वस्त आहे बाबा, इकडच्या मानाने काहीच नाही." दोघंही माझ्याकडे न बघता बोलत होते. ताटाकडे बघत होते.

आता विचार कर. मला समुद्राचं वेड कधी होतं? रत्नागिरीला भाच्याच्या लग्नात गेलो तेव्हासुद्धा मी समुद्राकडे पाठ करून बसलो होतो, तूच हसली होतीस. आणि हा मुलगा सुट्टीच्या दिवशी दहा वाजेपर्यंत उठत नाही. तो म्हाताऱ्या बापासाठी पहाटे पाचला गाडी काढणार?

फोटोंचाही उलगडा झाला. मेक्सिकोच्या परवान्याला लागले. म्हणजे महिनाभर आधीपासून ठरलंय आणि मला परवा सांगितलं.

बागेत नागपूरचे नंदूभाऊ भेटतात, त्यांचा मुलगा राजेशच्याच चिपच्या कारखान्यात आहे. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मोरेश्वरराव, पासपोर्टात ते पांढरं कार्ड टाचलेलं आहे ना, त्यावर तुमची राहायची मुदत आहे. देश सोडताना ते काढून घेतात. कार्ड गेलं की तुमचं राहणं संपलं. मग थेट विमान." माझ्या कार्डावर २८ मार्च आहे. त्यांना २८ मार्चपर्यंतसुद्धा धीर नाही असं दिसतंय.

आणखी ऐक. राजेशच्या टेबलावर एक छापील फॉर्म दिसला. इंग्रजी मला वाक्यांनी येत नाही, पण ट्रकांचे नंबर वाचून वाचून मोठी अक्षरं आणि आकडे येतात. वर माझं नाव. खाली २८ मार्च. शेवटी सहीची जागा रिकामी. माझ्या नावाचा कागद माझ्यापासून लपवून भरतात, त्याचा अर्थ तूच सांग. शेजारी माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची चिठ्ठीही होती. समुद्र बघायला ब्लडप्रेशरची चिठ्ठी?

राजेशची आई गेल्यापासून सांगलीचं घर रिकामं आहे. कुलूप उघडलं की आत माझ्याच चपलांचा आवाज. जायला माझी ना नाही. फक्त मला फसवून धाडू नये.

तुझा
मोरेश्वर


फ्रिस्को
७ फेब्रुवारी २००४

चि. मोरेश्वर यास आशीर्वाद.

अरे, जगात माणसं बापाला समुद्रावर नेतात. तू पहिलाच बाप नाहीस.

नंदूभाऊंचं ऐकू नकोस. बागेतल्या बाकावर बसून कायदा सांगणारे इथेही तीन आहेत, तिघांचा कायदा वेगवेगळा.

मुकाट्याने जा. मेक्सिकोतली माणसं आपल्यासारखीच दिसतात म्हणे, वीणा जाऊन आली आहे. ऊन आहे, भाकरी आहे, मिरची आहे. राजेश जिथे नेईल तिथे चल, बस म्हणाला तर बस, तोंड उघड म्हणाला तर उघड. कटकट करू नकोस. पोरगा काही वाईट करत नाहीये एवढं मी लिहून देते.

गरम कानटोपी ने. समुद्राचा वारा दाताला बाधतो.

तुझी
अक्का


चँडलर
११ फेब्रुवारी २००४

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

शनिवारी पहाटे निघायचं ठरलं आहे. माझी पिशवी सूनबाईंनी स्वतः भरली. दोन स्वेटर, मेतकूट, आणि मऊ भाताला वेगळे तांदूळ. तीन दिवसांच्या सहलीला एवढी तजवीज कोणी करत नाही. तिथेच ठेवायचा बेत असेल तर गोष्ट निराळी.

मी माझ्या परीने बंदोबस्त केला आहे. नाक्यावर आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, मूळ पावती कधी हातची सोडायची नाही. दाखवायला नक्कल, मूळ आपल्या माणसाकडे. राजेश ऑफिसला गेल्यावर त्याच्या कपाटातून माझा पासपोर्ट काढला, नेलकटरने टाचणी उचकटली आणि पांढरं कार्ड सोडवलं. पासपोर्ट होता तसा ठेवून दिला.

ते कार्ड या पत्रात घालतोय. नीट सांभाळ. देवाच्या मागे ठेव, वीणालाही दाखवू नकोस. आता नाक्यावर माझ्याकडून कोणी काय काढून घेणार? जे जवळच नाही ते जात नाही.

तू सोडून माझा कोणावर भरवसा राहिलेला नाही.

तुझा
मोरेश्वर


फ्रिस्को
१४ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

मोरेश्वर,

आशीर्वाद मागाहून. आत्ता टपाल आलं. पाकिटातून कार्ड माझ्या मांडीवर पडलं. वीणाला दाखवलं. तू नको म्हणाला होतास तरी दाखवलं. ती म्हणते, दोनचार दिवसांसाठी मेक्सिकोला गेलेल्याचं कार्ड सहसा कोणी काढून घेत नाही. ते परत येताना दाखवावं लागतं. म्हणजे ज्याने तुला आत घ्यायचं ते तू मला टपालाने पाठवलंस. अरे शहाण्या, आता आत कसा येशील?

तुझ्या घरी चारदा फोन लावला. मशीन बोलतं. राजेशचा मोबाइल लागत नाही. तुम्ही पहाटेच गेला असाल.

हे पत्र तुझ्या हातात केव्हा पडेल आणि तू तेव्हा कुठे असशील, मला कळत नाही. तरी लिहितेय, कारण नुसतं बसवत नाही. कार्ड देवाच्या मागे नाही ठेवलं, समोर ठेवलंय.

पोचलास की पहिला फोन कर. हॉलमधून कर. ऐकू दे सगळ्यांना.

अक्का


चँडलर
१८ फेब्रुवारी २००४

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

सोमवारी रात्री फोनवर तुला "पोचलो" एवढंच म्हणालो, कारण गाल सुजला होता. तू रडत होतीस की ओरडत होतीस ते समजलं नाही. आता सगळं क्रमाने लिहितो.

शनिवारी पाचला निघालो. वाळवंटातून सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना पुरुषापेक्षा उंच निवडुंग, नाक्यावर झडती घेताना माणसं उभी राहतात तसे हात वर करून. मी मागे बसून दोघांवर नजर ठेवून होतो. सूनबाईंनी दशम्या दिल्या, दुधात केलेल्या, दाताशिवाय खाता येतील अशा. तेही मी मनात नोंदवून ठेवलं.

मेक्सिकोचा नाका बघून मात्र मन खूश झालं. तिथे दिवा आहे. गाडी पुढे आली की आपोआप हिरवा नाहीतर तांबडा लागतो. हिरव्याला जायचं, तांबड्याला झडती. मी राजेशला म्हटलं, ही खरी व्यवस्था, दिव्याला चहा पाजता येत नाही. तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने हसला. आम्हाला हिरवा लागला. माझं कार्ड कोणी मागितलं नाही.

पेन्यास्को गाव लहान आहे. किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांत न उतरता राजेशने जुन्या बंदरामागच्या गल्लीत एका विधवा बाईकडे दोन खोल्या घेतल्या होत्या. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. बाईने माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं, मी मराठीत "बरं आहे" म्हटलं, तेवढ्यावर आमचं तीन दिवस चाललं. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, गाडी इथेच ठेवू. सगळं वॉकिंग डिस्टन्सवर आहे, पायी फिरलं की गाव फुकट." खरोखर तसंच झालं. बंदरावर मासळीबाजार, कोळंबीचे ढीग, भाव करता येतो. शिवांगीने बोटांवर भाव केला आणि कोळणीने आपल्याकडच्यासारखंच तोंड फिरवून मग दिलं. गाड्यावर पोळी मिळते, मैद्याची, आपल्या मांड्यासारखी पातळ, बाई कोपरापर्यंत हातावर फिरवते. आत राजमा घोटून घालतात. तो मला चावावा लागला नाही. किनाऱ्याकडेने बांधलेला रस्ता आहे, त्यावर संध्याकाळी सगळं गाव येऊन बसतं, कोणी काही विकत घेत नाही, नुसतं बसतात.

पण हे सगळं नंतरचं. आधी शनिवारी दुपारी, खोलीत पिशव्या टाकल्या टाकल्या, राजेश म्हणाला, "बाबा, एक छोटं काम आहे." मी म्हटलं, आलं. मला एका पांढऱ्या इमारतीत नेलं. आत खुर्ची, वर मोठा दिवा. एक डॉक्टरीण आली, शिवांगीएवढी. राजेश तिला इंग्रजीत सांगू लागला आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवू लागला. उजवीकडे. खाली. मग मला म्हणाला, "बाबा, तोंड उघडा."

अक्का, मी तोंड उघडलं नाही. आधी विचार केला. उजवीकडची, खालची. ही गोष्ट या घरात मी कोणालाही सांगितलेली नव्हती. बागेत नाही, फोनवर नाही. ही एकाच कागदावर लिहिलेली होती आणि तो कागद फ्रिस्कोला गेला होता. माल एकाच रस्त्याने आला होता. आणि "तोंड उघड म्हणाला तर उघड" हेही एकाच ठिकाणी वाचलेलं होतं.

मग तोंड उघडलं.

दाढ काढली. दुखलं नाही. राजेश माझा हात धरून उभा होता, तो दहा वर्षांचा असताना मी त्याला मिरजेच्या दवाखान्यात नेलं होतं तेव्हा मी धरला होता तसा. बाहेर आल्यावर म्हणाला, "बाबा, सहल आधीच ठरली होती, दाढ नंतर त्यात घातली. चँडलरला दाखवायचं म्हटलं असतं तर तुम्ही आला नसता, खर्च विचारला असता. इथे परवडतं, तिकडची माणसं इथेच येतात दातासाठी. सांगितलं असतं तर तुम्ही मेक्सिकोलाही आला नसता." मी कापूस चावत होतो, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

रविवारी पाणी फर्लांगभर आत गेलं, खडक उघडे पडले, खडकांत डबकी, डबक्यांत खेकडे. आम्ही तिघं त्यात हिंडलो. मी समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो, हे तुला कळावं.

सोमवारी डॉक्टरणीने ही दाढ आणि आधीच पडलेले दोन, अशा तीन दातांच्या कवळीचं माप घेतलं आणि पुढच्या भेटीची चिठ्ठी दिली. तारीख मी वाचली. १० एप्रिल. मी राजेशला म्हटलं, ही बाई चुकली. माझं तिकीट २६ मार्चचं आहे. तो म्हणाला, "घरी गेल्यावर बोलू." माझा संशय परत जागा झाला.

घरी जायच्या आधी नाका आला. अमेरिकेचा. तिथे दिवा नाही, माणूस आहे. त्याने माझा पासपोर्ट उघडला, पानं उलटली, परत उलटली. टाचणीची दोन भोकं होती, कार्ड नव्हतं. राजेशचा चेहरा पिठासारखा झाला.

"बाबा, व्हाइट कार्ड कुठाय?"

"अक्काकडे."

"कुठली अक्का?"

"फ्रिस्कोची."

"बाबा, ते तिकडे कसं गेलं?"

"टपालाने."

सूनबाईंनी ओढणी तोंडावर धरली. हसत होत्या की काय ते बघायची माझी हिंमत झाली नाही.

आम्हाला गाडी बाजूला घ्यायला लावून एका हॉलमध्ये बसवलं. दोन तास. भिंतीवर घड्याळ होतं. राजेश म्हणाला, "तुम्ही ते का काढलंत?" मी सांगितलं. विहीणबाई, खोली, फॉर्म, सगळं. शिवांगी ऐकत होत्या. मी बोलायचं थांबल्यावर त्यांनी बॅगेतून तोच फॉर्म काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "बाबा, हा एक्स्टेन्शनचा आहे. तुम्ही आणखी सहा महिने राहावं म्हणून. आईला मी हॉलमध्ये झोपवणार होते, तिची तक्रार नाही. तुमची सही पाहिजे होती, पण तुम्ही हो म्हणाल की नाही, राजेशला विचारायचं धाडस होईना. तो म्हणतो, बाबांना सांगलीची ओढ आहे."

सांगलीची ओढ. बघ, हाही माझ्यासारखाच पत्ते झाकून बसला होता.

मग साहेबाने बोलावलं. पन्नाशीचा माणूस, चष्म्यावरून बघणारा. नाक्यावर मीही तसाच बघायचो. त्याने राजेशला विचारलं, कार्ड का पाठवलं? राजेशने सांगितलं, वडील एकतीस वर्षं नाक्यावर होते, मूळ पावती आपल्या माणसाकडे ठेवायची सवय आहे. साहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. व्हिसा खरा आहे की नाही ते मशीनवर बघितलं, जुनं कार्ड परत धाडा म्हणाला, आणि सहा डॉलर घेऊन नवीन कार्ड टाचलं. मी तारीख वाचली. १५ ऑगस्ट.

फॉर्मची गरजच उरली नाही. गाडीत राजेश म्हणाला, "तिकीट बदलायचं का, बाबा?" मी म्हटलं, "असू दे. बघू." त्याने विषय सोडला. त्याचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. तेव्हापासून समोरासमोर ती गोष्ट काढायला मला जमत नाही, त्यालाही जमत नाही.

अक्का, तू माझा विश्वास मोडलास. मी "कोणालाही सांगू नकोस" असं स्पष्ट लिहिलं होतं. तू त्याच्या ऑफिसात फोन केलास हे राजेशने कबूल केलं आहे. यापुढे तुला काही लिहायचं तर ते दुसऱ्या दिवशी चँडलरला पोचणार हे धरूनच लिहावं लागेल.

म्हणून एक गोष्ट लिहितो, ती फक्त तुझ्याजवळ ठेव. मला सांगलीची ओढ नाही. कुलूप उघडायला नको वाटतं. मला १५ ऑगस्टपर्यंत इथे राहायचं आहे, विहीणबाई आल्या तर मी हॉलमध्ये झोपेन, त्यांची कडबोळीही खाईन, एप्रिलनंतर. तिकीट बदललं तर मला बरं वाटेल.

हे राजेशला मुळीच सांगू नकोस. तो साडेसहाला घरी येतो.

तुझा
मोरेश्वर